फळ्यांवरची हाक

मालसुननं टाच उचलली आणि धाडकन जमिनीवर आपटली. खोलीची जमीन पोकळ फळ्यांची होती, वर नुसता गालिचा. मांडीवरची सोदाम लगेच वळली आणि आजीकडे बघून हसली.

"बघा," मालसुन म्हणाली. "बहिरी पोर अशी वळते का?"

"आजी, पाय नको." कान तपासणाऱ्या यांगबाई अगदी तिच्या तोंडासमोर येऊन मोठ्यानं म्हणाल्या. "पाय नाही, हात नाही, मानसुद्धा हलवायची नाही. आवाज आल्यावर ती त्या कोपऱ्याकडे वळली, तर तिथलं खेळण्यातलं अस्वल उजळेल. तुम्ही आपलं दगडासारखं बसायचं."

बाई गेल्या. जाड दार लागलं. काचेपलीकडे मालसुनची लेक मिरान उभी होती, पिशवीचा बंद पिळत. आत खरं तर तिनं बसायचं, पण सोदाम आजीच्या मांडीशिवाय कुठं टिकत नव्हती.

दगड तर दगड. कोरियातल्या जेजू बेटाच्या किनाऱ्यावर पन्नास वर्षं बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या बाईला श्वास धरून गप्प बसायला कुणी शिकवायला नको. पण आज बाब पोरीची होती. सोदामला अडीच वर्षं झाली होती आणि अजून तिच्या तोंडून 'आई' निघालं नव्हतं. बोलणं रुजायचं वय हेच, हे हातचं गेलं तर पुढे फार जड जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून मिरान आईशी बोलत नव्हती. येताना गाडीत एवढंच म्हणाली, "आई, तू नेते म्हणाली होतीस."

म्हणाली होती खरी. पोर जन्मली तेव्हाच दवाखान्यानं कागद दिला होता. कान पुन्हा तपासून घ्या, तीन महिन्यांच्या आत. मिरान आणि जावई शहरातल्या हॉटेलात कामाला, पोर आजीकडे. तेव्हा समुद्र शांत होता, एकही दिवस खाडा करायचा नव्हता. शिवाय मालसुनला त्या कागदाचं हसूच आलं होतं. कानात पाणी असेल, दुसरं काय? या घरात कुणाच्या कानात पाणी गेलं नाही? जातं आणि येतं. कागद सुक्या शेवाळाच्या डब्याखाली गेला आणि तिथंच राहिला.

मिराननं मधून मधून विचारलं नाही असं नाही. "आई, मी हाक मारते तर ती बघत नाही गं."

"तुझी हाक ती कसली? तोंडातल्या तोंडात. मी बोलावते तेव्हा कशी दुडुदुडु येते बघ." मग मालसुन ओसरीच्या फळ्यांवर पाय आपटायची, फळ्या हादरायच्या, आणि सोदाम खरंच घराच्या पार टोकाकडून धावत यायची. बुडी मारणाऱ्या बायकांच्या घरांत अशीच हाक मारतात. मालसुनच्या आईनं तिला अशीच मारली होती.

आता ती आवाजाची वाट बघत बसली होती. काचेपलीकडे यांगबाई बटणं दाबत होत्या. खोलीत काहीच होत नव्हतं. मालसुननं मनातल्या मनात दर्यादेवाला भाताचा मोठा नैवेद्य कबूल केला. तरी काही नाही. अस्वल अंधारातच. एवढं मोठं रुग्णालय आणि यंत्र धड चालत नाही. पलीकडे मिराननं तोंडावर हात का धरलाय, तेही तिला कळेना.

आणि मग आला. बारीकसा, लांबून कुणी शीळ घालावी तसा.

वळ गं बाई. वळ. सोदाम आजीच्या स्वेटरचं बटण फिरवत राहिली. गुडघा जरासा जरी हलवला असता तरी पोर वळली असती. मालसुनचा गुडघा उचललासुद्धा गेला होता. पण काचेतून मिरान बघत होती. तिनं पाय खाली टेकवला आणि डोळे मिटून घेतले.

दार उघडलं. "झालं, आजी," यांगबाई म्हणाल्या.

"काय झालं? आत्ता कुठं एक आवाज लावलात. पहिल्याच आवाजाला एवढीशी पोर कशी वळेल? तिला कळायला नको? अजून दोन-चार लावा की."

यांगबाईंनी मागे मिरानकडे पाहिलं. मग त्या गुडघ्यांवर बसल्या आणि एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "आजी, वीस आवाज लावले. हळूपासून वाढवत वाढवत. तुम्हाला ऐकू आला तो शेवटचा. त्याच्याहून मोठा आवाज या यंत्रात नाही."

मालसुन त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. अडीच वर्षं आपण त्या पोरीचे कान कशानं तपासत होतो, ते तिला आता कळलं. तिनं सोदामला छातीशी घट्ट धरलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. आता लेकीला तोंड कसं दाखवायचं?

"आई," दारातून मिरान म्हणाली.

मालसुन हलली नाही.

"आई, ऊठ. पुढच्या डॉक्टरांकडे जायचंय. आजच बोलावलंय." मिरानचा आवाज चढला, फाटला. "आई, मी तुझ्याशी बोलतेय."

भिंतीकडे वळलेल्या त्या दोन पाठी तशाच राहिल्या. मग मिराननं डोळे पुसले, टाच उचलली आणि जमिनीवर जोरात आपटली.

दोघींनी एकदमच मागे वळून पाहिलं.