उमरीचे उस्ताद

रेणुकादास मास्तरांनी खालची फळी पायाने दाबली आणि करवत चालू झाली. केसासारखं बारीक पातं वरखाली होऊ लागलं. खडखड नाही, नुसती सळसळ.

“जुनी हाय, पण जपलेली हाय,” सिंधु म्हणाली. ओसरीच्या कडेला उभी राहून ती पाहुण्याला करवत दाखवत होती. “लातूरला एका साहेबाच्या बंगल्यातून आणलेली. आता त्यांच्यानं पाय मारवत न्हाई, म्हणून द्यायची.”

करवत विकायची आहे असं ऐकून मास्तर सकाळच्या गाडीने नांदेडहून उमरीला आले होते. त्यांच्या शाळेत सगळे धडे उर्दूत. निजामाचं राज्य, निजामाची भाषा. खेड्यांतून आलेली निम्मी पोरं अर्थ न कळता घोकत असत. म्हणून मास्तरांनी हट्टाने हातकामाचा एक वर्ग मागून घेतला होता. लाकूड कापताना कुणाला भाषा आडवी येत नव्हती. वर्षभर तोंड न उघडलेली पोरंही तिथे बोलायला लागली होती. पण शिकवायला ठेवलेला सुतार पोरांना कंटाळून निघून गेला. दसऱ्यापर्यंत दुसरं कुणी मिळालं नाही तर वर्ग बंद, असं हेडमास्तरांनी सांगून टाकलं होतं.

मास्तर कोनाड्याशी गेले. तिथे लाकडाची कामं मांडून ठेवली होती. वेलींची जाळी, पिसारा मिटलेला मोर, आणि एक गाय. गाय उचलताच तिच्या पोटातून वासरू अलगद निघून हातात आलं. दोन्ही एकाच फळीतून कापलेली. वासरू परत बसवलं की फट दिसत नव्हती.

असं आतलं काम कसं करतात ते मास्तरांना ठाऊक होतं. गिरमिटाने एक भोक पाडायचं, पातं सोडवून त्यातून ओवायचं, पुन्हा ताणून बांधायचं, मग कापायचं. भोक कुठेतरी असायलाच हवं. ते शोधत राहिले. सापडलं तेव्हा त्यांना मोठ्याने हसू आलं. वासराच्या गळ्याशी ते भोक घुंगरू होऊन बसलं होतं.

“कुणाचा हात हा?”

“त्यांचाच.”

“नाव काय उस्तादांचं?”

सिंधुने पदर पुढे ओढला. “अगं माय! ते नाव मी कसं घेऊ?”

मास्तर ओशाळले. बाईमाणसाला हे विचारायला नको होतं.

“बरं, घरी आहेत का?”

“घरीच की. ऐकणं चालूच हाय त्यांचं.”

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मास्तरांनी तिकडे पाहून आवाज चढवला. “असं काम मी हैदराबादेतसुद्धा पाहिलं नाही!”

“हळू बोला मास्तर,” खांबाला टेकून शेंगा फोडत बसलेली सिंधुची सासू म्हणाली. “इथं कुणी बहिरं न्हाई.”

“मावशी, तुमच्या मुलाच्या हातात जादू आहे.”

“त्याच्या? सरळ खिळा ठोकता येत न्हाई त्याला.”

सिंधु तोंडावर पदर धरून हसली. मास्तरही हसले. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून आया असंच बोलतात. त्यांची आईही बोलायची.

“तुम्हाला करवत पायजे का शिकवणारं पायजे?” म्हातारीने विचारलं.

“दोन्ही. नुसती करवत नेऊन काय करू? पोरं तिच्याभोवती बसून राहतील.”

“पोरगं पातं मोडील.”

“दुसरं लावू.”

“तेबी मोडील.”

“मग त्याच्या शेजारी बसून तिसरं लावू.”

“छडी ठेवता का?”

“होती. एकदा एका पोरानं भीतीनं चड्डी ओली केली. त्याच दिवशी छडी चुलीत घातली.”

म्हातारीने एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि बराच वेळ दुसरी उचलली नाही.

“आन् तुमच्या हेडमास्तरानं नाक मुरडलं तर? हे कसलं माणूस आणलं म्हणाला तर?”

मास्तरांनी वासरू तळहातावर धरलं. “मावशी, हे ज्यानं काढलं तो कोणत्या जातीचा, शिकलेला की अडाणी, मी विचारणार नाही. माझी खुर्ची त्याची. मी पोरांच्या रांगेत खाली बसेन, आणि हेडमास्तरांना काय सांगायचं ते मी सांगेन.”

“आत्ता म्हणता. मागून फिरता.”

“नाही फिरणार.”

“सिंधे, ऐकलं का गं?”

“ऐकलं, आत्याबाई.”

आतलं दार मात्र लोटलेलंच राहिलं. मास्तरांना वाटलं, उस्ताद मानी असणार. उभ्या आयुष्याची सोबतीण असलेली करवत दारातून जायची म्हणजे मन घट्ट करायला वेळ लागणारच. त्यांनी वासरू जपून गाईच्या पोटात ठेवलं, टोपी सरळ केली आणि आतल्या दारासमोर जाऊन हात जोडले.

“उस्ताद, करवत तर मी घेणारच. पण तुम्ही आला नाहीत, तर माझी पोरं पुन्हा मुकी होतील. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी चला.”

मास्तर आणखी वाकले.

“मास्तर,” मागून म्हातारी म्हणाली, “त्या खोलीत नुसती तुरीची पोती हायत. इकडं वळा, आन् नांदेडची गाडी कवा हाय ते मला सांगा. माझं गाठोडं बांधायचं हाय.”