कॅप्टन घोरपड्यांचे हात

कोल्हापूरच्या धावपट्टीवर विमान अलगद टेकले आणि सहवैमानिक म्हणून मृण्मयी सबनीसचे पहिले उड्डाण पूर्ण झाले. प्रवासी उतरल्यावर निवृत्त कॅप्टन घोरपडे कॉकपिटच्या दाराशी आले. गेल्याच आठवड्यात त्यांचे उड्डाणकौशल्य त्यांच्या मेंदूतून काढून तिच्या मेंदूत रोवले होते. दोन डोक्यांत ते एकाच वेळी टिकत नसे. प्रथेप्रमाणे ती त्यांच्या पाया पडली.

“छान उतरवलंस हो, पोरी! एवढी बटणं, तुझा गोंधळ कसा उडत नाही?”

“सर, तीस वर्षं तुम्हीच दाबलीत ती.”

“दाबली असतील. सगळे तसं सांगतात खरं.”

तिने त्यांना आग्रहाने डावीकडच्या, कॅप्टनच्या रिकाम्या खुर्चीत बसवले आणि त्यांचा हात सुकाणूवर ठेवला. त्यांनी तो घाईने मागे घेतला.

“नको गं. माझ्या हातून काहीतरी बिघडायचं.”