एकोणचाळीस नंबरची नजर

एकोणचाळीस नंबरची नजर दुसऱ्यांदा डावीकडे गेली तेव्हा पेपर सुरू होऊन तास झाला होता. तिच्या चौकटीभोवतीची पिवळी रेघ जाड झाली. बाईंनी चष्मा सावरला आणि ती चौकट मोठी करून घेतली.

नर्सिंग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची ही मुलगी. वर्गात कधी अवाक्षर काढायची नाही, आणि मागच्या परीक्षेत एकदम पहिली आली होती. तिची थोरली बहीण नर्स आहे, दोघी एकाच खोलीत राहतात, हे बाईंच्या कानावर होतंच. पाणी कुठे मुरतंय हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

ऑनलाइन शिकवण्यात बाईंचा हात धरणारं कॉलेजात कुणी नव्हतं. बाकीचे प्राध्यापक अजून माइक कुठून सुरू करायचा हे विचारत होते, तेव्हा बाईंच्या तासाला प्रश्नमंजूषा, सगळ्यांनी मिळून लिहायचा फळा, आपोआप लागणारी हजेरी असं सगळं सुरळीत चालायचं. दुसऱ्या कॉलेजांतही त्या हे शिकवायला जात. पण त्यांचं खरं लाडकं होतं ते परीक्षेवर पहारा देणारं सॉफ्टवेअर. नजर हलली की पिवळी रेघ, तिसऱ्यांदा हलली की लाल, आणि लाल झाली की उमेदवार बाहेर. दयामाया नाही, वशिला नाही. मुलं पाठीमागे बाईंना 'सीसीटीव्ही' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

त्यांची तयारीही चोख असे. मुलांचे माइक बंद, चॅट बंद, स्वतःचा फोन आवाज बंद करून टेबलाच्या खणात. घरातली खुडबुड नको म्हणून कानांवर जाड हेडफोन. स्वतःचा कॅमेरा मात्र सुरू, कारण पहारेकरी दिसला की धाक राहतो. फक्त आपलाच चेहरा समोर दिसत राहिला की माणूस केस नीट करत बसतो, म्हणून तेवढी चौकट त्यांनी स्वतःपुरती झाकून टाकली होती.

घरात त्या आणि त्यांचे वडील, दोघंच. एकदा भर तासाला नाना चष्मा शोधत गंजिफ्रॉकवरच खोलीत शिरले होते आणि साठच्या साठ मुलं हसून लोळली होती. त्या दिवशी बाई नानांना लागेल असं बोलल्या. तेव्हापासून तास सुरू असला की नाना त्यांच्या खोलीकडे फिरकत नसत. आज सकाळीही चहा पिताना ते काहीतरी सांगू पाहत होते. एक वाजता बोलू, म्हणून बाई उठल्या होत्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मुलीने पुन्हा डावीकडे पाहिलं. या वेळी नजर तिथेच खिळली. तिने कीबोर्डवरचे हात उचलले आणि जोरजोरात खुणा करायला लागली. बाईंनी कागदावर वेळ टिपून घेतली. बहीण आत आली असणार, आणि ही तिला थांब म्हणून सांगत असणार.

मुलीचे ओठ भराभर हलत होते. मग तिने बोट रोखलं, ते थेट कॅमेऱ्यावर, बाईंच्याच तोंडासमोर.

रेघ लाल झाली. चौकट विझली.

आजवर त्यांनी पुष्कळांना पकडलं होतं. कुणी रडलं होतं, कुणी हात जोडले होते, कुणी उलटून बोललं होतं. पण इतकं भेदरलेलं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. बाकीच्या एकोणसाठ जणांनी तर माना जणू खिळे ठोकून बसवल्या होत्या. एकाचीही पापणी इकडची तिकडे होत नव्हती. बाईंनी मान झटकली आणि पुन्हा पहारा सुरू केला.

एक वाजता पेपर संपला. बाईंनी खणातून फोन काढला. एकाच नंबरवरून तेवीस मिस्ड कॉल. वर्गाच्या यादीशी ताडून पाहिला तर एकोणचाळीसच. गयावया करायची असेल, दुसरं काय.

प्राचार्यांना अहवाल धाडण्याआधी मुलीचं म्हणणं ऐकून घ्यायचा नियम होता. बाईंना काम शिल्लक ठेवायची सवय नव्हती. जागच्या न हलता, कानांवरचा हेडफोनही न काढता त्यांनी वेगळी मीटिंग उघडली आणि मुलीला निरोप धाडला.

मुलगी त्याच क्षणी हजर झाली. डोळे सुजून लाल झाले होते. आणि तिच्या शेजारी खरोखरच बहीण उभी होती, नर्सच्या गणवेशात. बाईंना हसूच आलं. बहिणीने पडद्याकडे एकदाच पाहिलं, फोन कानाला लावला आणि पाठ फिरवून घाईघाईने कुणाशी तरी बोलू लागली.

मुलगी काहीतरी ओरडत होती, पण तिचा माइक बाईंनी बंदच ठेवला होता.

"आधी मी बोलणार," त्या म्हणाल्या. "मग तू."

त्यांनी तिला वेळेसकट सगळं वाचून दाखवलं. तीन वेळा हललेली नजर, हातांच्या खुणा, रोखलेलं बोट. यात वर्ष वाया जाऊ शकतं हेही सांगितलं. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, की पेपरचं एक वेळ सोडून देऊ, पण उद्या तुझ्या भरवशावर माणसं झोपणार आहेत, आणि नर्सचं लक्ष क्षणभर हटलं तरी माणूस हातचा जातो. मुलगी दोन्ही हातांनी पुन्हा पुन्हा तीच खूण करत होती. शेवटी ती थांबली. हात खाली पडले आणि ती नुसती बघत राहिली.

बाईंनी माइक सुरू केला.

"बोल आता. डावीकडे कोण होतं?"

"तुम्हीच, मॅडम." मुलीचा आवाज बसला होता. "माझ्या पडद्यावर तुम्ही डाव्या कोपऱ्यात दिसता. तुमच्या मागे दारात एक आजोबा पडलेत. अकराला ते हात हलवत होते."