कोपरापर्यंत

आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्ये अकरा नंबरच्या खेळाडूचं काम म्हणजे मैदानाच्या मधोमध चेंडू मिळवायचा आणि गोल मारणाऱ्याच्या हातात नेऊन ठेवायचा. नोरीनचा मुलगा फिनबार नऊ वर्षं तेच करत होता. गोल मारायचा शेजारच्या गोबनेटचा डेक्लन, आणि दर गुरुवारी पेपरात फोटो यायचा तोही डेक्लनचाच. तरी नोरीन तो फोटो कापून वहीत चिकटवायची, कारण कडेला कुठेतरी फिनबारचं कोपर नाहीतर अर्धा कान आलेला असायचा.

"कोपर कुणी वहीत चिकटवतं का गं?" गोबनेट हसायची.

या रविवारी काउंटीच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, फिनबारने चेंडू कुणालाच दिला नाही. स्वतःच गोल मारला आणि गाव जिंकलं. गुरुवारी तो पहिल्यांदाच डोक्यापासून बुटांपर्यंत सबंध छापून आला.

फोटो बघून त्याचा चेहरा पडला. "आई, डेक्लन मोकळा होता गं. हे बघ, कडेला चेंडू मागतोय. त्यालाच द्यायला हवा होता."

नोरीनने चष्मा लावला. खरंच, कडेला वर केलेला एक हात होता, कोपरापर्यंत.

तिने फोन उचलला. "गोबनेट, पेपर चुलीत घालू नकोस. तुझ्या पोराचा हात काय सुरेख आलाय. चहाला ये, कोरी वही देते. आणि गोंद माझ्याकडचाच ने, नऊ वर्षांत एक कोपर निघालेलं नाही."