दोन्ही हातांनी

"वहिनी, जपानमध्ये साधं कार्डसुद्धा मान झुकवून, दोन्ही हातांनी देतात-घेतात. म्हाताऱ्यांना तर काय मान! नाहीतर आपल्याकडे! सगळाच उकिरडा."

टोकियोहून आल्यापासून भावजींच्या तोंडाची ही टकळी चालू होती. वहिनीचं डोकं उठलं होतं. आतल्या खोलीत त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. तिथे हे महाशय एकदाच डोकावले, तेही नाकाला रुमाल लावून.

आतून सासूबाईंनी हाक मारली. वहिनी गेली, त्यांचं सगळं आवरलं आणि टॉवेलने झाकलेलं भांडं घेऊन तडक भावजींसमोर उभी राहिली. मान झुकवून तिने ते दोन्ही हातांनी पुढे केलं.

सवयीने भावजींचीही मान झुकली आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

"आईंचं बेडपॅन आहे," वहिनी म्हणाली. "घासायलाही दोन्ही हात लागतात."