पुसलेली किल्ली

होबार्टमधल्या त्या ऑफिसात खासगी बोलण्याचं अ‍ॅप बनत असे. दोघं बोलू लागले की दर वेळी ते बोलणं कुलूपबंद करणारी आकड्या-अक्षरांची नवी किल्ली तयार व्हायची आणि बोलणं संपताच नष्ट व्हायची. मग ते बोलणं खुद्द अ‍ॅप लिहिणाऱ्यांनाही उघडता येत नसे.

तिथेच काम करणाऱ्या टीगनने चाचणीच्या नावाखाली एक किल्ली मागे ठेवली होती. शेजारच्या टेबलावरच्या ओर्लाचं मरणाला टेकलेल्या बहिणीशी झालेलं बोलणं तिने चोरून वाचलं. बहिणीला पुरून ओर्ला कामावर परतली, तेव्हा टीगनला मान वर करून तिच्याकडे बघवेना. तिने किल्ली पुसून टाकली.

आज सकाळपासून प्रत्येक नवी किल्ली तीच पुसलेली निघत होती.

"कोडमध्ये एकच डकवून ठेवलीस की काय, बये?" समोरच्या टेबलावरचा युअन हसला. "हे घे कोरं मशीन, आत्ताच खोकं फोडलंय."

त्यावरही पहिली किल्ली तीच निघाली.

टीगनने ती लावली. जुनं बोलणं उघडलं. तळाशी बहिणीची नवी ओळ होती, आत्ताची.

"चहा घेतेस ना गं?" दोन्ही हातांत कप घेऊन ओर्ला मागे उभी होती.

टीगनने पडद्यावर तळवा दाबला. बोटांच्या फटीतून ओळ दिसतच राहिली: "ती वाचतेय, ओर्ला. तिला काही बोलू नकोस हं. लाजेल बिचारी."