बरंय

बसा, जरा टेकून बसा. एका डॉक्टरीणबाईची गोष्ट सांगतो. जन्मभर दुसऱ्यांच्या पाठी उघडल्या बाईनं, आणि आता उद्या सकाळी तिची स्वतःचीच पाठ टेबलावर जायची होती.

कमरेतले दोन मणके स्क्रू मारून एकमेकांना जखडायचे, असलं ते ऑपरेशन. करणारा डॉक्टर तिच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं दोन वाटा सांगितल्या होत्या. एक तर ऑपरेशन, नाहीतर वर्षभर व्यायाम आणि कळ काढणं. बाई म्हणाली, ऑपरेशन. का नाही म्हणणार? तिनं जखडलेली माणसं वर्षानुवर्षं तपासणीला येत होती, आणि एकजात सगळी बरी होती. तिचं सगळं संशोधनच त्याच्यावर उभं होतं. पण एकदा स्क्रू बसले की बसले. पाठ म्हणजे काही शिवण नव्हे, उसवून परत घालायला. म्हणून आजचा शेवटचा पेशंट बाई जरा जास्तच बारकाईनं तपासत होती.

पेशंट एक रंगारी होता, बाईनंच मागं जखडलेला. खोलीच्या मधोमध उघडा उभा. पाठीवर मणक्यामणक्याला चमकते मणी चिकटवलेले, चारी बाजूंनी कॅमेरे. तो वाकला की पडद्यावर मण्यांची माळ वाकायची, आणि कुठला मणका किती हलला ते बाईला कळायचं.

"वाका काका. सावकाश."

रंगारी वाकला. बोटं जवळजवळ जमिनीला टेकली.

"दर खेपेला नवरीसारखं मढवता बाई मला," तो खालूनच म्हणाला.

एरवी बाई हसायची. आज हसली नाही. पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. जखडलेले दोन मणके ठाम, बाकीचे सुरळीत. आता एकच प्रश्न राहिला होता, तो काही कॅमेऱ्याला विचारता येत नाही.

"कसं आहे काका?"

"बरंय."

बाईनं कॉम्प्युटरवर टाकलं, बरा. आजवर सगळ्यांचं हेच टाकलं होतं. आता तरी उद्याची धास्ती जायची, तर ती जाईना.

तिनं मणी काढले. रंगाऱ्यानं शर्ट चढवला, बटणं लावली, दारापर्यंत गेला आणि वळला.

"बरंय बाई, येतो मग."

बाईची बोटं होती तिथंच थांबली.

"काका, आत्ता काय म्हणालात?"

"येतो म्हणालो."

"त्याच्या आधी."

"बरंय म्हणालो."

"मघाशी मी विचारलं तेव्हाही बरंयच म्हणालात. आणि निघतानाही बरंय. त्यातलं खरं बरं कुठलं?"

रंगारी चपापला. "बरंय म्हणजे... बरंय की. तुम्ही जीव तोडून केलंत माझं. वर हसून विचारता, कसं आहे. त्यावर काय तोंड वाकडं करून दाखवू?"

"दाखवा."

"नको बाई. झालं ते झालं. तुमच्या एवढ्या कामाला माझं कशाला गालबोट?"

बाई उठली. उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला, दात आवळावे लागले. "काका, उद्या माझं ऑपरेशन आहे. तुमचं केलं तेच."

रंगारी परत आत आला. दार लोटून घेतलं. पेशंटाचा चेहरा कुठल्या कुठं गेला, थोरल्या भावाचा चेहरा झाला.

"कुठं दुखतं?" त्यानं विचारलं.

"कमरेत."

"पायात उतरतं? विजेसारखं सणकन?"

"नाही. कमरेतच."

रंगारी स्टुलावर बसला. फळी टेकवावी तसा, एकसंध.

"मग ऐका. माझी पायातली कळ गेली. तुमच्या हाताला गुण आहे, खोटं नाही बोलणार. पण कमरेचं काही गेलं नाही. होतं तसंच आहे, वर ताठपणा आलाय तो निराळा. छताचं काम सोडलं मी. दारं-खिडक्याच रंगवतो. झोपेत कूस बदलायची तर बायको ढकलते, वरनं म्हणते, कपाट सरकवणं सोपं."

"पण आत्ता एवढे वाकलात की."

"तुमच्यासाठी वाकलो. आता घरी जाऊन दोन दिवस आडवा." तो जरा थांबला. "तुमचं नुसतं कमरेचं असेल, तर बाई, तुम्ही नका करू. निदान तो व्यायाम तरी करून बघा आधी."

बाईनं पडद्याकडं बघितलं. पडदा आता कोरा होता. मग तिनं फोन उचलला. रंगाऱ्याला वाटलं, उद्याचं रद्द करतेय. तेही केलं तिनं, पण मागनं. पहिला फोन लावला तो एका शिवणकाम करणाऱ्या मावशीला. दोन वर्षांमागं तिलाही जखडलेलं, आणि तिचंही 'बरी' म्हणूनच टाकलेलं.

कसं आहे, असं बाईनं विचारलंच नाही.

"मावशी, कुठं कुठं दुखतं ते सांगा."

पलीकडं शिवणयंत्र खडखडत होतं. ते थांबलं.

"तुम्हाला वेळ आहे ना बाई?" मावशी म्हणाली. "मग थांबा, गॅस बंद करून येते."

तर अशी गोष्ट. आता तुमचं सांगा. मघापासून बघतोय, एका अंगावर भार देऊन बसलायत. सांगा निवांत, मला घाई नाही. फक्त बरंय म्हणू नका.